रिंकीच्या मायची गाडी

ता. गोरेगाव, जि. गोंदिया
३ फेब्रुवारी २०२५

रीना बेटा,

मामीचा आशीर्वाद. पत्र पाहून तुले वाटन, मामीले येड लागलं, घरात फोन असताना कागद कायले काळा करून राहिली. सांगतो. आमच्या घरी जे नवीन गाडी आली ना, ते एक नंबरची चहाडखोर हाये. मी आत बसली का माह्या फोनवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचून दाखवते. अन् घरात फोन वाजला का तुहे मामाजी विचारतात, कोनाचा हाये, स्पीकर लाव. म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानंच धाडजो, माह्या नावानं. पोस्टमन दुपारी येते, तवा हे घरी नसतात.

नवीन म्हणजे आमाले नवीन. गोंदियाच्या एका कापडवाल्या सेठनं वापरलेली हाये. क्लच नाई, गिअर नाई, चाबी खिशातच ठेवाची, सामोर टीव्ही. मामाजी लोकाईले सांगून राहिले का एवढा कॉम्प्युटर तहसीलीतही नाई. मी आरती केली, बोनटवर स्वस्तिक काढला, सामोरून लिंबू-मिरची लोंबवली.

आता खरी गोठ. मी गाडी शिकून राहिली. हसू नोको. आमच्या बचत गटातली दुर्पता मडावी तुले आठवत असन, तेच आता नागझिऱ्याच्या मंगेझरी गेटावर पर्यटकाईची जिप्सी चालवते. दुपारी मामाजी जेवून धानाच्या बांधीवरच्या मोटरघरात झोपाले गेले का दुर्पता येते अन् आमी दोघी जंगलाकडच्या रस्त्यानं निंगतो. शिकाऊ लायसन काढलं, डोळे तपासाले जातो सांगून.

कायले म्हणशीन तर रिंकीसाठी. मे महिन्यात तिले आणाचं हाये. पहिलं बाळंतपण माहेरी, चिचगडच्या सासरून तिले मीच सोता चालवत आणीन असं मनात धरलं. लग्न होऊन आली तवापासून मी कोनाच्या ना कोनाच्या मांगं बसूनच फिरली. पहिले सायकल, मंग बैलबंडी, मंग मोटरसायकल. नेणारा रिकामा असन तवाच जायाचं. माही माय बिमार होती तवाही मी दोन दिवस नेणाऱ्याची वाट पाहात ओसरीत बसली होती. एकदा तरी आपल्या मनानं निंगावं वाटते.

पन हे गाडी आंगात आल्यावाणी करून राहिली. आंगणात उभी असताना आपसूक एसी चालू होते. भोंगा वाजवते. एक दिवस दरवाजे खटकन उघडले, गाय दावं तोडून पळाली. अन् मामाजी चालवत असताना मधातच अशी बिरेक मारते का कपाळ काचेले लागते. मामाजी म्हणतात, कॉम्प्युटर बिघडला, पाडव्याच्या आंधी विकून टाकतो. विकली का माहं सप्पा मुसळ केरात.

अन् आयक. परवा मामाजीसंगं गोंदियाले जाऊन राहिली होती तर दुर्पताचा मेसेज आला. गाडीनं वाचला, “उद्या बारा वाजता येते, रिव्हर्स शिकवते.” एखादा इंग्रज मराठी बोलन, तशी बोलली. मी झटकन फोन पदराखाली दाबला. पन मामाजीनं रस्त्यावरची नजर हालवली नाई, म्हणजे त्याईले काईच समजलं नाई. बचावली.

तू पुण्यात गाड्याईच्या कॉम्प्युटरचंच काम करते ना? काय तं सांग.

तुही मामी
रामकली


पुणे
१२ फेब्रुवारी

प्रिय मामी,

तुझं पत्र ऑफिसात डबा खाताना वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्यांनी पाणी आणून दिलं. तू गाडी शिकतेस याचा मला इतका आनंद झालाय की काय सांगू. कोणाला सांगणार नाही, पण एकटीने पेढे खाल्ले.

आता नीट वाच, हे मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. आमच्या कंपनीत आम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांत कॉम्प्युटरमधून घुसता येतं का ते बघतो. पगार घेऊन चोरी करतो म्हण. म्हणजे मग खरा चोर यायच्या आत ते भोक बुजवता येतं. तुमच्या गाडीत मोबाइलसारखं सिम आहे. ज्याच्या फोनमध्ये त्या गाडीचं ॲप असेल, तो शंभर कोसांवरून दार उघडू शकतो, इंजिन आणि एसी चालू करू शकतो, भोंगा वाजवू शकतो, गाडी आत्ता कुठे उभी आहे तेही बघू शकतो. गाडी विकताना सेठने चावी दिली, कागद दिले, पण ॲपमधून आपलं नाव काढलं नसेल. घर विकलं आणि एक किल्ली स्वतःच्याच कमरेला ठेवली, तसा प्रकार.

म्हणून दोन गोष्टी. एक, गाडी बंद गोठ्यात अजिबात उभी करायची नाही. कोणी लांबून इंजिन चालू केलं तर धूर कोंडून माणूस, जनावर, कोणीही मरेल. उघड्यावर, आंब्याखाली ठेवा. दुसरी, सेठला गाठून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुनं सगळं पुसून घ्या. ते होईपर्यंत तू चालवायची नाहीस.

ब्रेकचं म्हणशील तर ती लिंबू-मिरची आधी काढ. पुढे सेन्सर असतो, त्याच्यासमोर काही लोंबत राहिलं तर त्याला वाटतं कोणी आडवं आलं.

मामाजी ऐकले नाहीत तर सांग, भाचीचा हुकूम आहे म्हणून. आपल्याकडे भाचीच्या पाया पडतात ते काय नुसतं दाखवायला?

तुझी
रीना


ता. गोरेगाव
२४ फेब्रुवारी

रीना बेटा,

तुहं म्हणणं सोळा आणे खरं निंगालं. रीनाचा फोन आलता, असं म्हणून मी मामाजीले तुहा हुकूम सांगतला. भाचीचं नाव काढल्यावर त्याईची काय मजाल. दुसऱ्याच दिवशी आमी सेठच्या दुकानात.

सेठनं आधी मानलंच नाई. मंग फोन काढला तर त्याच्यात दोन गाड्या, दोनीचं नाव सारखंच. त्यानं त्याच कंपनीची नवीन गाडी घेतली हाये. दुकानातून निंगाच्या आंधी रोज एसीचं बटन दाबते, अन् रोज उकडलेल्या गाडीत बसते. म्हणाला, “मैं तो वर्कशॉपवालों को गाली देता रहा कि नयी गाड़ी ठंडी नहीं करती.” दाबे तो, अन् थंडी होये आमची. गाडी सापडत नाई म्हणून भोंगा वाजवे, दार उघडे तो, अन् पळे आमची गाय. मामाजी एवढे हसले का कापडाच्या थानावर बसून गेले. सेठनं लाजून रिंकीच्या बाळासाठी दुपटं देल्लं.

मंग वर्कशॉपात जुनं सप्पा पुसलं. आता गाडी मामाजीच्या फोनवर चढली. वर्कशॉपातल्या पोरीनं विचारलं, दुसरा फोन कोनाचा जोडू, घरच्या बाईचं नाव सांगा. आता तुहे मामाजी! चार लोकात बायकोचं नाव कसं घेतील? मी इकडं पाहून राहिली, ते तिकडं. शेवटी म्हणाले, लिवा, रिंकीची माय. तिनं तसंच लिवलं. आता मी गाडीत बसली का टीव्हीवर येते, वेलकम रिंकीची माय.

लिंबू-मिरची काढून आत ठेवली. तरी मामाजी बसले का बिरेक लागतेच. माह्या हातात नाई लागत, दुर्पताच्या हातात नाई. विकाची गोठ अजून काढतात. टेस्ट एप्रिलच्या शेवटी हाये, तोवर टिकली म्हणजे झालं.

तू पुण्यात गाड्या चोरते हे मामाजीनं पानठेल्यावर सांगतलं. लोक आता त्याईले दबून राहतात.

तुही मामी


पुणे
६ मार्च

प्रिय मामी,

सेठची गोष्ट मी ऑफिसात सगळ्यांना सांगितली. आमच्या साहेबांनी ती नव्या मुलांना शिकवायच्या तासात घातली आहे. गाव कोणतं, नाव काय, काही सांगितलं नाही, काळजी करू नकोस.

तुझ्या हातात ब्रेक कधीच लागत नाही म्हणतेस, तर मला आता कॉम्प्युटरवर संशय नाही. मामाजींनी जन्मभर ट्रॅक्टर चालवला. त्यांचा डावा पाय क्लच शोधत असणार आणि सापडतोय रुंद ब्रेक. एकदा चालवताना त्यांच्या पायाकडे बघ. पण बोलू नकोस हं, बिचारे फार मानी आहेत.

आता गाडी तुमची आहे, दुसऱ्या कोणाची नाही. बिनघोर चालव.

रीना


ता. गोरेगाव
२ एप्रिल

रीना बेटा,

बिनघोर म्हणाली तू, अन् इकडं माही झोप उडाली. एसी पुन्हा लागून राहिला.

सुरवातीले वाटलं माहाच भास होय. उन्हाळी धानाचं पानी चालू हाये, ऊन असं का बोनटवर हात ठेवता येत नाई. दुपारी दार उघडलं का गाडी आतून थंडीगार. कोनी बसलं नाई, कोनी हात लावला नाई. चार दिवस पाहिलं, रोज बाराच्या टायमाले. मंग एक दिवस भोंगाही वाजला, अर्धाच, कोनी चुकून बटन दाबावं तसा. सेठले फोन केला. तो देवाची शपथ घेते का आता त्याच्या फोनमंदी एकच गाडी हाये, अन् ते थंडी होते.

दुर्पता म्हणते, चालू दे, फुकटची हवा. पन मले भेव वाटते. तू लिवलं होतं ना, ॲप असन तो सप्पा पाहाते म्हणून. मंग हा जो कोन हाये, तो पाहून राहिला असन का रोज बाराले ही बाई गाडी काढते अन् जंगलाकडं जाते. मामाजीच्या फोनवर ॲप हाये, पन त्याईले फोन उचलाचा अन् ठेवाचा एवढंच येते. मेसेज कसा करतात हेही माहीत नाई त्या माणसाले. तो नोहे.

पायाकडं पाहाले मी एकदा वाकली होती. म्हणाले, काय शोधून राहिली? म्हटलं, पिन पडली. पुढं काई दिसलं नाई.

रिंकीचा फोन होता, बाबूजीले कवा पाठवतेस म्हणून. मी काईच सांगतलं नाई. टेस्टची तारीख भेटली हाये, अठ्ठावीस. लवकर सांग बेटा.

तुही मामी


पुणे
८ एप्रिल

प्रिय मामी,

मनापासून वाईट वाटतंय हे लिहिताना. गाडी थांबव. जुनं सगळं पुसल्यावरही कोणी एसी लावत असेल तर तो कोणी तरी अनोळखी आहे, आणि रोज ठरलेल्या वेळी लावतो म्हणजे तुझ्या येण्याजाण्यावर त्याचं लक्ष आहे. जंगलाच्या रस्त्यावर तुम्ही दोघीच असता. मला रात्रभर तेच दिसत होतं. मी इथे कंपनीत विचारते, सुट्टी मिळाली की स्वतः येऊन बघते. तोपर्यंत त्या गाडीत बसू नकोस.

टेस्ट पुढच्या महिन्यात देता येईल. रिंकीला आणायला मामाजी जातील. मला माहीत आहे तुला हे किती लागेल. पण तू मला गाडीपेक्षा हवी आहेस.

रीना


ता. गोरेगाव
१७ एप्रिल

चि. रीना भाचीबाईले मामा कन्हैयालालचा पायलागू.

पत्र मी जन्मात लिवलं नाई. पत्ता तुह्या पाकिटाच्या मांगचा उतरवला. पाकीट उघडलं नाई, वाचलं नाई. पन ते पाकीट ज्या दिवशी आलं, त्या दिवसापासून रिंकीची माय दुपारची ओसरीत बसून राहाते. दुर्पता आली तर तिले वापस धाडलं. चाबी खुंटीले टांगली. काई विचारलं तर म्हणते, काई नाई जी, ऊन लागलं.

तू तिले काय लिवलं मले माहीत नाई, पन तिचं गाडी चालवनं बंद झालं हे दिसते. म्हणून सांगतो. एसी मीच लावतो.

मले सप्पा माहीत हाये. पहिल्या दिवसापासून. गोंदियाच्या रस्त्यावर गाडीनं दुर्पताचा मेसेज वाचला, तवा मी का बहिरा होतो? हसू येऊन राहिलं होतं म्हणून रस्त्याकडं पाहात राहिलो. मंग वर्कशॉपातल्या पोरीनं माह्या फोनमंदी ते ॲप टाकून देल्लं अन् दोन बटनं शिकवली. मोटरघरात झोप कोनाले लागते. मी आपला फोन घेऊन बसतो, नकाशावरचं ते निळं टिपकं चाललं का पाहातो. गेटापर्यंत गेलं, वळलं, वापस आलं, मंग पानी पितो. ऊन एवढं हाये, तापलेल्या गाडीत बसून तिले चक्कर येईन म्हणून बाराले एसीचं बटन दाबतो. गाडी आंब्याखाली उघड्यावरच राहाते, तू सांगतलं तसं. भोंगा चुकून दाबला.

बिरेकचं म्हणशीन तर तो माहा डावा पाय होय. ट्रॅक्टरची सवय. एवढ्या लोकाईत कॉम्प्युटरची तारीफ केल्यावर पायाचं कसं सांगू? म्हणून विकतो विकतो म्हणून राहिलो होतो. आता नाई विकत. माह्यानं ते चालत नाई, तिच्यानं मस्त चालते. टिपकं कसं सरळ जाते, तू पाहाले पायजे.

तिले सांग गाडी चांगली हाये. माहं नाव मात्र सांगू नोको. ते मनात हौस धरून लपून शिकून राहिली, आता मले माहीत होतं म्हटलं का तिची मजा जाईन.

मामा
कन्हैयालाल बोपचे


पुणे
२२ एप्रिल

ती. मामाजींना साष्टांग नमस्कार,

आता भाचीने मामाच्या पाया पडायची वेळ आली. एवढ्या मोठ्या कंपनीत आम्ही पंधरा जण बसून तो चोर शोधत होतो. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की तो मोटरघरात बसलाय.

मामीला आजच वेगळं पत्र टाकलंय: चोर सापडला, ओळखीचा आहे, त्याच्यापासून धोका नाही, अठ्ठावीसला टेस्ट द्यायचीच. नाव लिहिलेलं नाही.

पण भाचीचा हुकूम एक. तिला तुम्ही स्वतः सांगायचं. तोंडाने जमत नसेल तर मेसेज करा. त्या ॲपच्या शेजारी हिरवं चित्र आहे ते दाबा, माइक धरा आणि बोला, फोन आपला आपण लिहितो. आणि तो डावा पाय चालवताना सीटखाली दुमडून ठेवत जा.

तुमची
रीना


ता. गोरेगाव
१४ मे

रीना बेटा,

पास झाली. पहिल्याच टायमाले. आरटीओच्या साहेबानं विचारलं, बाई, एवढं सरळ रिव्हर्स कुठी शिकल्या? म्हटलं, वाघाच्या रस्त्यावर. जंगलात तिथं वळाले जागा कुठी असते.

घरी येऊन लायसन मामाजीच्या ताटाशेजारी ठेवलं. उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाले, फोटो बेकार काढला. मंग म्हणाले, रिंकीले आणाले कवा जातेस? एवढंच. मले वाटलं होतं घरात महाभारत होईन. मी सारी रात आडवी पडून आढ्याकडं पाहून हासत होती.

सोमवारी निंगाली. दुर्पता बाजूले, पन तिनं हात मांडीवरून हालवला नाई. मुरदोलीचं जंगल, कोहमारा, हायवेवर मोठमोठे ट्रक, देवरी, चिचगड. रिंकीच्या दारात गाडी थांबली तर तिची सासू मामाजीले पाणी घेऊन भाहेर आली अन् चालवणाऱ्याच्या जागेवर मले पाहून तांब्या हातातच राहिला. रिंकी म्हणाली, बाबूजी कुठी हायेत? म्हटलं, बाबूजी घरी, गाईजवळ. ते लहानपणी रडे तशी रडाले लागली. मी म्हटलं, रडू नोको, गाडीत बस, आत एसी हाये.

वापस येताना मुरदोली ओलांडली, तवा मेसेज आला. तुले तं माहीत, गाडी काई पोटात ठेवत नाई. तशाच इंग्रजावाणी आवाजात बोलली, “रिंकीचे बाबूजी यांचा मेसेज. रामकली. एसी मीच लावत होतो. सावकाश ये.”

मी गाडी बाजूले घेतली. इंडिकेटर देऊन, नियमानं घेतली. अन् स्टेअरिंगवर डोकं ठेवून किती वेळ हासली का रडली, मले सांगता येत नाई. रिंकी म्हणे, माय, बाबूजीनं तुहं नाव घेतलं. एकतीस वर्साच्या संसारात त्या माणसानं मले हाक मारली तर “आयकतेस का” म्हणून. माहं नाव त्याईले माहीत तरी हाये का, असं मी कदी कदी गमतीनं म्हणे. अन् नाव घेतलं तेही गाडीच्या तोंडून, दुर्पतासामोर. दुर्पता खिडकीकडं तोंड करून बसली होती, तिचे खांदे हालून राहिले होते.

म्हणजे रोज बाराले तो होता. मी भेवून त्या थंडीगार गाडीत बसे, अन् तिकडं मोटरघरात हा माणूस माही वाट पाहात बसे. अन् चोर ओळखीचा हाये असं लिवलं तवा तुले माहीत होतं, तुले तं भेटल्यावर पाहातो.

घरी पोचलो तर हे फाटकात उभे, फोन हातात. शेजारचे यादोराव अन् त्यांची बाई शामकला, दोघंही तमाशा पाहाले आलते. रिंकीले उतरवलं, डोक्यावरून हात फिरवला. मंग माह्या खिडकीशी आले अन् खाली पाहून म्हणाले, “गरम नाई ना झालं?”

मी काच पूर्ण खाली केली, सप्पाईले आयकू जाईन असं म्हटलं, “नाई जी, कन्हैयालाल.”

यादोरावची बिडी पडली. मामाजी कानापर्यंत लाल झाले, इकडंतिकडं पाहिलं, मंग माह्या हातातली थैली घेतली अन् पुढं चालू लागले. आता गावभर होऊन गेलं. शामकला मले विचारून राहिली का तिलेही गाडी शिकवशीन का. मी म्हटलं, दुपारी बाराले ये.

तुही मामी
रामकली